गळा बघणाऱ्या विहीणबाई

समोरच्याच्या तोंडाकडे न बघता थेट गळ्याकडे बघून बोलणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी आमचीच विहीण निघाली! सुनेची आई हो. योकोहामाला मुलांकडे आम्ही दोघी एकाच घरात राहिलो. विहीणबाईंच्या थोरल्या बहिणीचं थायरॉइडचं दुखणं फार उशिरा कळलं होतं, तेव्हापासून यांनी दुनियेचे गळे तपासायचा वसाच घेतला. सकाळी चहाआधी माझ्या हातात पेला द्यायच्या, "घोट घ्या, मान वर," आणि गळ्यावर दोन बोटं ठेवून डोळे मिटायच्या. केस गळाले, थायरॉइड. जावई चिडले, थायरॉइड. जपानी लोकांवर मात्र त्यांचा राग. "सारखे वाकतात मेले, गळा म्हणून दिसत नाही!" एकदा ट्रेनमध्ये एक आजोबा मान मागे टाकून घोरत होते. बाई निरखायला पुढे वाकल्या, तेवढ्यात आजोबांना जाग आली. त्यांना वाटलं बाई नमस्कार करतायत, तेही वाकले. मग या, मग ते. आमचं स्टेशन आलं तेव्हा कुठे दोघं थांबली.

तशाच त्या कट्टर शाकाहारी. इथे सुपात माशाचा अर्क असतो, म्हणून बाहेर पाणीसुद्धा वास घेऊन प्यायच्या. मग कुणीतरी त्यांना कोंबू दाखवला. समुद्रातलं जाड, वाळवलेलं शेवाळ. मासा नाही म्हटल्यावर काय, आमटीत कोंबू, भातात कोंबू, उरलेल्याची चटणी! "कोंबूचा तुकडा टाकला की राजमा कसा लोण्यासारखा शिजतो बघा," म्हणायच्या.

पुढे बाई हळूहळू गप्प झाल्या. भर उन्हाळ्यात पायमोजे, जेवता जेवता पेंग, आवाज घोगरा. आम्ही म्हटलं, वय झालं, घरची आठवण येत असेल. एका सकाळी नेहमीप्रमाणे त्यांची बोटं माझ्या गळ्यावर टेकली आणि मी दचकलेच. बर्फ हो बर्फ!

"विहीणबाई, आज पेला तुम्ही धरा."

"माझा गळा मला माहीत आहे."

"बहिणीलाही असंच वाटलं असेल."

निमूट उठल्या. दवाखान्यात रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. थायरॉइड मंदावलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी खाणं विचारलं. सुनेने कोंबूचं प्रमाण हातांनी दाखवलं, तशी त्यांनी पेनच खाली ठेवलं. कोंबूत एवढं आयोडीन, थायरॉइड मंदावेल नाहीतर काय! आधी कोंबू बंद, मग पुन्हा रक्त, गोळीचं त्यानंतर बघू.

"समुद्राने शेवटी शाकाहारी माणसालाही गाठलंच," विहीणबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांनी आईची तेवढी एक थट्टा ऐकून सुनेला दवाखान्यातच रडू फुटलं.

पुढच्या तपासणीत रक्त सुधारलं, गोळी टळली. आवाज परतला, तो आधी माझ्या आमटीला नावं ठेवायला.

आता त्या सांगलीला परत गेल्यात. रोज सकाळी व्हिडिओ कॉल येतो. "मोबाइल खाली घ्या, तुमच्या नाकाचं मला काय करायचंय? गळा दिसू दे." मी घोट घेते, मान वर करते. त्या पडद्यावर दोन बोटं ठेवतात, डोळे मिटतात. मीही मिटते. बोटांची ऊब काही पोचत नाही. पण मान वर धरून मी थोडी जास्तच वेळ थांबते.