अण्णांचं टक्कल

नौबादला कूलर विकणारे एक अण्णा आहेत. रोज मोबाइलच्या स्टेटसला ते स्वतःच्या टकलाचा फोटो टाकतात. कधी त्यावर पापड भाजत असतो, कधी भाकरी. खाली मराठीत आणि कन्नडात एकच ओळ : 'एवढं तापायच्या आधी कूलर न्या.' लोक हसतात आणि त्यांच्याकडंच जातात.

मध्यंतरी समोरचा कूलरवाला पाटी लावताना शिडीवरून पडला. त्याचा व्हिडिओ अण्णांकडं आला.

"टाका की अण्णा, लई चालंल," मी म्हणालो.

"हसायला माझं टक्कल हाय की. त्याचं कंबरडं कामून?" त्यांनी तो पुसून टाकला.

समोरच्यानं पुन्हा दुकान उघडलं, त्या दिवशी स्टेटसला टक्कल पाठमोरं होतं, समोरच्या दुकानाकडं निघालेलं. खाली ओळ : 'आज मीबी तिकडंच जायलोय. चला.'