वटवाघळाच्या मानेचा रंग

तासगावच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी लालासाहेब कदम सर मुलांकडून वटवाघळं रंगवून घेतात. मोर नाही, वाघ नाही, साधा ससासुद्धा नाही. वटवाघूळ. एखाद्या रविवारी ठीक आहे, पण चार वर्षं हेच चाललंय म्हटल्यावर आयांनी नाकं मुरडली. एकीने तर तोंडावर विचारलं, सर, गणपती नाही का काढून घेत? सर हसले आणि पुढच्या रविवारी पुन्हा वटवाघळाचीच झेरॉक्स वाटली. फुकटचा वर्ग, त्यामुळे जास्त बोलायची सोय नाही.

शिकवतात मात्र झकास, हे आयांनाही कबूल करावं लागतं. आधी मेणबत्तीचा तुकडा घेऊन पंखातल्या काड्यांवरून घासायचा आणि मग त्यावरून चहाचं पाणी फिरवायचं. मेणावर पाणी ठरत नाही, म्हणून काड्या पांढऱ्या राहतात. मग सर मुलांना आपापला हात खिडकीच्या उजेडात धरायला लावतात आणि सांगतात, बघा, ही त्याची बोटं आहेत. पंख म्हणजे त्याचा हातच, बोटं लांब वाढलेली आणि मधे कातडं ताणलेलं. अंगावरची लव कोरड्या ब्रशने ओढायची. संध्याकाळचं आभाळ हवं असेल तर जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासायचा. तोवर सर बोलत असतात. हे मोठं वटवाघूळ रक्तबिक्त पीत नाही, उंबर, जांभळं, पेरू खातं, रस गिळतं आणि चोथा थुंकतं. लांब उडत जातं आणि वाटेत बिया टाकत जातं, आपण न लावलेली कितीतरी झाडं त्याने लावलेली असतात. डोळे चांगले असतात त्याचे, आंधळं म्हणणारे आपणच आंधळे. अंधारात आवाजावर वाट काढतात ती लहान, किडे खाणारी. आणि मोठ्या वटवाघळाच्या आईला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं, ते तिच्या पोटाला धरून तिच्याबरोबर उडतं.

मान मात्र सगळ्यात शेवटी. मान कोरी ठेवायची असा वर्गाचा नियम आहे. सगळ्यांचं झालं की सर हळदीत चिमूटभर कात कालवतात, वाटी घेऊन एकेकाकडे जातात आणि रंग कुठपर्यंत येतो ते बोटाने दाखवतात. ब्रश मात्र मुलाच्याच हातात. स्वतः त्या कागदाला ते स्पर्श करत नाहीत. मुलाचं काही चुकलं तरी नाही.

आता हा माणूस मूळचा असा नव्हता, हे सांगायला हवं. सर फलटणकडचे, ऊसवाल्या घरातले. थोरला भाऊ फौजेत, धाकटा कारखान्यात आणि मधले हे चित्रकलेत, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी वाया गेलेले. कोल्हापुरात ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका केली आणि कवठे महांकाळच्या पुढे, जतच्या अंगाला असलेल्या एका हायस्कूलमध्ये चिकटले ते निवृत्तीपर्यंत तिथेच. पाऊस नाही, झाडोरा नाही, शाळेला रंगखोली नाही. पण सरांचा दरारा होता. हातात आठ नंबरचा ब्रश घेऊन ते बाकांमधून फिरत आणि ज्याचं चुकलं त्याच्याच कागदावर, त्याच्याच डोळ्यांदेखत दुरुस्त करून दाखवत. दोन फटकाऱ्यांत मुलाची गाय खरी गाय होई. मुलं आ वासून बघत. सरांना ते आवडायचं, आणि त्यात आपण काही हिसकावून घेतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. सगळे चित्रकलेचे मास्तर तसंच करत.

सातवीत रेश्मा नावाची मुलगी होती. तात्याबा मासाळांची लेक. घर मेंढरांवर चालायचं, दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून कृष्णाकाठाला उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला निघायचं, त्यामुळे मुलगी वर्षातले चार महिने शाळेबाहेर. अक्षर कोंबडीच्या पायांचं, गणित त्याहून वाईट. पण डोळा असा, की सरांनी तीस वर्षांत तसा दुसरा पाहिला नाही. मेंढीचं चित्र काढलं तर लोकर कातरलेली आहे की कातरायची आहे ते कळायचं. सर तिचं कौतुक तोंडावर करत नसत, कारण मुलं शेफारतात. मनात मात्र त्यांनी तिच्या नावावर बरंच काही मांडून ठेवलं होतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, मग सांगलीला पाठवायची, बापाला समजवायचं.

जिल्ह्याची चित्रस्पर्धा आली, विषय 'माझ्या परिसरातील प्राणी'. शाळेतून एकच चित्र जायचं होतं. रेश्माने वटवाघूळ काढलं. कानांपर्यंत नीट, पंखाच्या कोपऱ्यावर आकडी, पोटाशी पिल्लू, आणि मानेभोवती असा पिवळसर तांबूस रंग, बेदाणा उन्हाकडे धरला की दिसतो तसा. वर्गात कुणीतरी ओरडलं, वाघळाला मफलर घातलाय, आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग ते तिच्या बाकापाशी गेले. चित्र चांगलं होतं, जिल्ह्याला जाण्याजोगं होतं, म्हणूनच तर ते दुरुस्त करायला हवं होतं. त्यांनी काळ्या पोस्टर कलरची बाटली उघडली.

"सर, म्या बगितलंय," रेश्मा म्हणाली. "उनाच्या झळंनं झाडाखाली पडलं हुतं. म्या पानी पाजलं त्याला."

"तू बघितलंस, मी शिकलोय," सर म्हणाले, आणि दोन मिनिटांत मान काळी करून टाकली. लव अगदी हुबेहूब ओढली होती, हे सरांना आजही आठवतं, आणि त्या सफाईचीच त्यांना लाज वाटते.

एवढ्यावर भागलं असतं तर मुलगी घरी जाऊन रडली असती आणि विसरली असती. पण चित्राला जिल्ह्यात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे बोलावलं, तात्याबा फेटा बांधून आला होता. म्हणजे सरच खरे, हे तिला सगळ्या शाळेसमोर, बापासमोर पटवून दिलं गेलं. त्यानंतर ती फार गुणी झाली. कागद समोर आला की आधी विचारायची, सर, ह्याला कंचा रंग दिऊ? झाडाला कंचा, रस्त्याला कंचा. सांगितलेला रंग रेषेच्या आत नीट भरायची. सर शिक्षकांच्या खोलीत अभिमानाने सांगत, मुलगी आता वळणावर आली. एलिमेंटरीत तिला कशीबशी सी ग्रेड पडली, तेव्हा सरांना नवल वाटलं, पण कारण शोधावंसं वाटलं नाही. दहावीनंतर तिचं लग्न झालं. सरांना पत्रिका आली होती, ते गेले नाहीत. शनिवार होता, बहुतेक कंटाळा आला असावा.

त्या सी ग्रेडचं कारण त्यांना निवृत्तीनंतर पाच वर्षांनी कळलं. तासगावला घर बांधल्यावर सर सकाळी बागांच्या कडेने फिरायला जात. एका फेब्रुवारीत शेजारच्या विश्वजितच्या द्राक्षबागेत पाखरांसाठी लावलेल्या जाळीत एक मोठं वटवाघूळ अडकलं. विश्वजितने त्याच्यावर पोतं टाकून धरलं आणि सरांनी कात्रीने जाळी कापली. जवळून वटवाघूळ बघायची सरांची त्रेसष्टाव्या वर्षी ती पहिलीच वेळ. पंख काळपट, तोंड कोल्ह्यासारखं, डोळे मोठे, ओले. आणि मानेभोवती पिवळसर तांबूस लव. हळदीत कात पडावा तशी. सरांच्या हातातली कात्री तशीच राहिली. विश्वजितला वाटलं, म्हातारा घाबरला.

त्यांनी ते जनावर शेजारच्या जांभळीच्या फांदीला नेऊन टांगलं, कारण जमिनीवरून त्याला नीट उडता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. सर मात्र त्या दिवसापासून सुटले नाहीत. वाचनालयातून, पोरांच्या मोबाइलवरून जे मिळेल ते वाचून काढलं. बारा वर्षांची मुलगी खरं सांगत होती आणि ए.टी.डी. झालेला मास्तर, ज्याने आयुष्यात वटवाघूळ पाहिलं नव्हतं, त्याने तिचं खरं पुसून टाकलं होतं. रविवारचा वर्ग त्यातून निघाला. पण सरांना पक्कं ठाऊक होतं की शंभर मुलांना मान दाखवून ते फिटत नाही. जिच्या वटवाघळाची मान काळी केली, तिच्यासमोर जाऊन सांगायला हवं की तुझा रंग बरोबर होता. कदाचित ती पुन्हा ब्रश हातात घेईल, असंही त्यांना वाटे, पण ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

ठाऊक असूनही चार वर्षं गेली. कधी गुडघा, कधी मोतीबिंदू, कधी नातवाची परीक्षा. खरं कारण एकच, लाज. माणसाला पन्नाशीनंतर माफी मागायची सवय राहत नाही आणि मास्तरला तर ती कधीच नसते. शेवटी गेल्या पौषात बेदाण्याच्या शेडवर एक जुना विद्यार्थी भेटला. त्याने सांगितलं, रेश्मा कवठे महांकाळजवळच्या वस्तीवर असते, नवरा अमृत ट्रक चालवतो, थोडं डाळिंब लावलंय. सरांनी पिशवीत रंगपेटी घातली, वटवाघळाच्या चार झेरॉक्स घातल्या आणि दुसऱ्या सकाळच्या एस.टी.त बसले. वाटेत ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. कवठे येईपर्यंत एकच उरलं.

वस्तीवर अंगणात तिची सासू अंबूबाई तुरी पाखडत होती. मास्तर आलेत म्हटल्यावर तिने सूप बाजूला ठेवून घोंगडं अंथरलं. रेश्मा आतून हात पुसत आली, क्षणभर बघत राहिली आणि एकदम वाकून पाया पडली. केस पुढून पांढरे व्हायला लागले होते. आवं सर, तुमी, एवढंच तिला बोलता आलं, आणि मग सासूला, सासूच्या पलीकडच्या बांधावरच्या बाईलाही ऐकू जाईल असं सांगायला लागली, की हे आमचे कदम सर, यांच्यामुळे मला जिल्ह्यात बक्षीस मिळालं होतं. सर जुळवलेलं वाक्य तसंच ठेवून घोंगड्यावर बसले.

चहा येईपर्यंत त्यांनी तिच्या मुलीला जवळ बोलावलं. प्रांजल, चौथीत. सरांनी झेरॉक्स आणि रंगपेटी पुढे केली, तशी पोरीचे डोळे चमकले. ती पालथी पडून रंगवायला लागली. पंख झाले. मग मानेपाशी येऊन तिने पेटीवर बोट फिरवलं आणि पिवळा उचलला. तिला कुणी सांगितलं नव्हतं, नुसता आवडला म्हणून. सर पुढे झुकले.

रेश्माने चहाची कपबशी खाली ठेवली, लेकीच्या हातातला पिवळा अलगद काढून घेतला आणि काळा दिला. मायेने, केस सारखे करावेत तितक्या सहज. वाघूळ काळं असतंय, या सरांनीच मला शिकवलंय, असं तिने सांगितलं. पोरीने मान काळी केली, रेषेच्या जरासुद्धा बाहेर न जाता, आणि कागद सरांपुढे धरला. तिला खाली 'छान' लिहून हवं होतं.

सरांनी कागद हातात घेतला नाही.

"रेश्मा, मी चुकलो होतो," ते म्हणाले. "वटवाघळाची मान पिवळसर तांबूस असते. तू काढलीस तशीच. मी चार वर्षांपूर्वी स्वतः पाहिली. तुझं बरोबर होतं आणि मी ते काळं केलं."

अंबूबाईने पुन्हा हातात घेतलेलं सूप खाली ठेवलं. प्रांजल एकदा सरांकडे, एकदा आईकडे बघत राहिली. रेश्मा हसली. चिडून नाही, उपरोधानेही नाही. घरी आलेला म्हातारा मास्तर आपल्यासाठी कमीपणा घेतोय, तो त्याला घेऊ देऊ नये, अशा समजूतदार चेहऱ्याने हसली. ती चिडली असती, तिने चार शब्द सुनावले असते, तर सरांना बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाकडे त्याचं खरं अजून शिल्लक असतं.

"अगं, तू बघितलं होतंस," सर म्हणाले. "झाडाखाली पडलं होतं. तू पाणी पाजलंस त्याला. आठव जरा."

रेश्माने आठवून बघितलं. खरंच बघितलं, कपाळाला आठी पडेपर्यंत.

"न्हाई वो, सर," ती म्हणाली. "असंल काय तरी. लहान हुते मी, लहानपनी काय बी दिसतंय." मग तिने प्रांजलला सरांसाठी पाणी आणायला आत पाठवलं.