तेंदूपत्तेवाली आणि चिंचेचा कोळ

शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो तोवर माझ्या वाट्याला आले ते स्नेहसंमेलनाचे पडदे. निवृत्त झालो आणि घरामागे भट्टी घालून ब्रॉन्झ ओतायला लागलो. लोक म्हणाले, मास्तर म्हातारपणी बिघडले. म्हणोत बापडे.

आलापल्लीकडच्या एका गावच्या समितीनं चौकासाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईचा पुतळा सांगितला, तेव्हा मी अट घातली की चेहरा खऱ्या बाईचा असेल. त्याच गावातली एक म्हातारी समोर बसली. चपटं नाक, ओघळलेले गाल, काळाभोर रंग. पुतळा ओतून झाल्यावर गॅसच्या बत्तीनं तापवत, रंग चढवायचं औषध लावत मी धातू काळा करत गेलो. तिला शेजारी उन्हात बसवलं आणि तिच्या हाताशी रंग जुळेपर्यंत सोडलं नाही. आयुष्यात मला जमलेलं एवढं एकच काम. बाकीचं ठीकठाक.

उद्घाटनाच्या सकाळी पोचलो तर चौकात माझी तेंदूपत्तेवाली लग्नातल्या पितळी गुंडीसारखी झगझगत होती. नाकाडोळ्यांच्या खाचांत चिंचेचा चोथा अडकलेला, त्यावर माश्या.

"हे काय केलं?" मी अध्यक्षाला विचारलं.

"सर, काळी दिसून राह्यली होती न! पाहुण्यायले तशीच दाखवाची काय? चिंचेनं घासून घेतली." तो तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून हसला. "आता पाहा, कशी लक्ष्मी दिसते."

माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, इथं चिंच होती. किळस आली मला. त्या हसण्याची, टेबलावरच्या शालींच्या गठ्ठ्याची, रंगाला मळ समजणाऱ्या सगळ्या डोक्यांची. या मुलखात उन्हात राबणारं कोण गोरं आहे? अध्यक्ष स्वतः तिच्याहून काळा. नारळ फुटायच्या आत निघून जायचं आणि जाताना चौथऱ्यावरचं माझं नाव छिन्नीनं उडवायचं, असं मी ठरवलं. छिन्नी पिशवीत होतीच.

मंडपाच्या कडेला म्हातारीनं मला अडवलं. नवं लुगडं नेसली होती.

"गुरुजी, तोंड तं माहंच होतं, म्हून दुसऱ्या कोणाले हात नाई लावू देल्ला. म्याच घासलं." तिची बोटं चिंचेनं सोलवटली होती. "तुमच्याकून जराशी काळी राह्यली होती, राग नका मानू. आता बराबर निघाली न?"

"निघाली, बाई," मी म्हणालो, आणि मंडपात जाऊन त्यांची शाल अंगावर घेतली.