दोन बोटं डाव्या अंगाला

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते.

मी तेव्हा मीरा रोडला सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तोच ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना आत पाठवलं. मुंबईतली नोकरी संपवून शांती नगरात राहायला आलेले. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. गाडीच्या मागच्या टायरची आतली कड पार घासलेली, बाहेरची बाजू मात्र नवी कोरी.

“चार महिन्यांत दुसरी जोडी गेली. कोणीतरी कानशीने घासतंय,” ते म्हणाले. “आणि कोण ते मला ठाऊक आहे. आमचा वॉचमन.”

पार्किंगवरून दोघांचं वाजलं होतं. वॉचमनच्या केबिनमध्ये कानस असल्याची खबर शेजाऱ्याने दिली होती. सीसीटीव्हीत तो त्याच गाडीमागे उकिडवा बसून चाकाच्या आत हात घालताना दिसत होता. येत्या रविवारी सोसायटीच्या सभेत त्याला काढायचं जवळजवळ ठरलं होतं. मी अदखलपात्र नोंद घेतली आणि त्याला बोलावलं. म्हटलं, तासाभराचं काम.

जुन्या भाईंदरच्या कोळी घरातला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. गुडघ्याने दगा दिला म्हणून होडी सोडून गेटवर उभा राहिलेला.

“मामा, कानस कशाला ठेवता?”

“गेटची कडी अडकते साहेब, ती घासाया.”

“आणि चाकात हात?”

“गाडी तिरपी चालते, म्हनून बगत व्हतो. मी गेट धुतो ना, त्या ओल्या फरशीवर दिसतं. बाकीच्यांची मागली चाकं पुढल्यांच्या वाटेनं जातात. हिची दोन बोटं डाव्या अंगाला पडतात. सांगितलं त्यांना, तर म्हनले, तू मला गाडी शिकवतोस?” मग हात जोडून म्हणाला, “या वयात ही नोकरी गेली तर मला दुसरं कोन ठेवनार हाय?”

असल्या कहाण्या ऐकून माझे कान किटले होते. जबाबात मी लिहिलं : आरोप नाकारतो, उडवाउडवीची उत्तरे देतो.

तपासणीसाठी गाडी ठाण्यात आणायची होती, म्हणून मीच चालवायला बसलो. शेजारी तक्रारदार, मागे त्यांच्या पत्नी. रस्ता सरळ, गाडीही सरळ, पण स्टेअरिंग माझ्या हातात डावीकडे कललेलं! पहिल्याच वळणावर गाडीचं ढुंगण भलतीकडेच सरकलं.

“हे असं कधीपासून?”

“सवय झाली की कळत नाही,” तक्रारदार म्हणाले. “मी दोनदा अलाइनमेंट करून घेतलंय.”

माझ्या डोक्यात चक्क वॉचमनचे शब्द वाजले. गाडी वळवून परत सोसायटीत नेली. गेटवर दोन बादल्या पाणी ओतायला लावलं, दोन रहिवासी पंच म्हणून उभे केले आणि तक्रारदारांना गाडी हळूच सरळ बाहेर काढायला सांगितली. ओले ठसे उठले. मी वाकून बोटं लावली. दोन बोटं, डाव्या अंगाला.

तिथून गाडी थेट हाटकेशच्या एका अलाइनमेंटवाल्याकडे. त्याला कानशीचा संशय सांगितला. त्याने चारही चाकांना यंत्र लावलं आणि मान हलवली. “साहेब, सबने आगे का ही किया है. मागचं डावं चाक बाहेर बघतंय. गाडीची मागची बाजू तिकडे सरकते, तुम्ही स्टेअरिंग वाकडं धरून तिला सरळ ठेवता. मग मागचे दोन्ही टायर रस्त्यावर घासतच चालतात, आतल्या कडेने. कानस लगती है, बरोबर. पण ती रस्त्याची.”

“चाक असं वाकतं कशाने?” मी विचारलं.

“कुठेतरी आपटलं असेल.”

“अजिबात नाही!” तक्रारदार उसळले. “पस्तीस वर्षं चालवतोय मी.”

“अहो,” मागून पत्नी म्हणाल्या, “डोंगरीच्या लग्नाला गेलो तेव्हा कठड्यावर कोण आपटलं? माझ्या मांडीवरचा आहेर खाली पडला होता.”

“ते नुसतं लागलं होतं!”

अलाइनमेंटवाला तोंड फिरवून हसला. मलाही आवरेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर चोरच फिर्यादी होता.

रविवारच्या सभेला मीही गेलो. तक्रारदार दिलदार निघाले. सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, “माझे टायर मीच खाल्ले. मामांची माफी मागतो. गेटवर तेच राहतील.” टाळ्या झाल्या. मीही जोरात वाजवल्या.

वॉचमन मान डोलावून माझ्याकडे वळला. “साहेबांनी मागितली. तुमी?”

मला ठाण्यातला तो कागद आठवला. या माणसाने पहिल्याच जबाबात अख्खी केस सोडवून दिली होती आणि माझ्या अक्षरात तिथे ‘उडवाउडवी’ लिहिलेलं होतं. मी टोपी काढली आणि म्हणालो, “चुकलं माझं, मामा. तुम्ही सांगितलं, मी ऐकलं नाही.”

“आता ऐकलंत ना,” तो हसला. “मग झालं.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कित्येकांकडून कबुलीजबाब लिहून घेतले. माझा स्वतःचा तो पहिला, आणि तो दिल्यावर एवढं हलकं वाटतं हे मला कोणत्याच आरोपीने सांगितलं नव्हतं.