सारजेच्या मळ्याकडे

नागपूरहून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर यांची कादंबरी होती. सबंध ओव्यांत लिहिलेली. हडपसरच्या पलीकडचं यांचं गाव, तिथली विहीर, मेथीचे वाफे आणि शेजारच्या मळ्यातली सारजा. शेवटी सारजा विहिरीत बुडून मरते.

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला त्या गावी कधी घेऊन गेले नाहीत. "तिथं आता काही उरलं नाही," एवढंच म्हणायचे. हे गेल्यावर मी एकटीच निघाले. माझ्या शेजारी बसूनही हे ज्या गावासाठी झुरत असत, ते मला बघायचं होतं.

पुणे स्टेशनवरून बस धरली. बाहेर कारखाने, टायरची दुकानं, मंगल कार्यालयं. कंडक्टरला म्हटलं, "मळ्याचा थांबा आला की सांगाल का?"

"सांगतो. पण अहो, थांब्याचं नाव तेवढं मळा आहे. भाजी मिळेल या आशेनं उतरू नका."

तरी मी एक थांबा पुढे गेलेच. भर उन्हात मागे चालत आले.

यांचे धाकटे भाऊ एका सोसायटीच्या फाटकाशी उभे होते. दुचाक्यांच्या रांगेकडे हात करून म्हणाले, "वहिनी, हितं आपली विहीर. आन् हितं थारोळं व्हतं, मोटंचं पाणी पडायचा दगडी हौद." दोन स्कुटरींच्या मध्ये मी जरा वेळ उभी राहिले. खाली फरशी होती.

"चला, जेवाय सारजाक्कानं बोलावलंय."

"कोण सारजा?"

"आपली शेजारीण. दादाच्या पुस्तकात हाय की!"

मी समजत होते, सारजा कधीच मेली, किंवा कधी नव्हतीच.

तिसऱ्या मजल्यावर माझ्याच वयाच्या बाईनं दार उघडलं. डोईवर पदर, हाताला पीठ. बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी वाढत म्हणाली, "मेथी मार्केट यार्डातली हाय बरं का. हितं आता कुंडीतली तुळसच उगवती."

जेवणं झाल्यावर तिची नजर पुस्तकावर गेली. "आमच्या मालकांनी ते घरात येऊ दिलं न्हाई. मालक गेल्यावर मी हितं माहेरी आले, पर मलाच धीर झाला न्हाई. वाचून दावा की."

मी वाचू लागले.

पाटाचं पाणी शिरलं मेथीच्या वाफ्यात,
हसली सारजा, तिचा पाय चिखलात.

ती खरंच हसली, आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले. शेवट जवळ आला तशी मी थांबले.

"पुढं?"

"पुढं... सारजा विहिरीत जाते."

भाऊजी खिडकीबाहेर पाहू लागले.

"मेले व्हय मी?" ती म्हणाली. "लगीन झालं माझं. खडकीला दिलं. तेवढंच तर झालं व्हतं." मग हळूच, "एकदा यायचं की हो. च्या पाजला असता."

मला तिचा हेवा वाटायला हवा होता. पण त्या घडीला आम्हा दोघींनाही दारात एकच माणूस यायला हवा होता.

पुस्तक तिच्यापाशी ठेवून मी निघाले. दौंडच्या पुढे संध्याकाळच्या उजेडात उसाची शेतं लागली. मला वाटलं, हडपसरहून खडकी ती किती लांब! तेवढं अंतर हे कधी गेले नाहीत, त्याऐवजी कादंबरी लिहून बसले. आज हे घरी असते तर पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगितलं असतं, अहो, सारजा जिवंत आहे, आणि भाजीत मीठ जरा जास्त घालते. ते ऐकताना यांचा चेहरा कसा झाला असता, तेवढं मला पाहायचं होतं.