आण्णांच्या जीपचा मुक्काम

आमच्या दारात एक जीप सव्वा महिना बंद पडून होती, आणि तिच्यात बिघाड असा काही नव्हता.

म्हणजे सुरुवातीला होता, नाही म्हणत नाही. जीप माझ्या वडिलांची, आण्णांची. पेट्रोलवरची, कुठल्याशा लिलावात घेतलेली, मी दुसरीत का तिसरीत असतानाची. आमच्या गावच्या, पाचोडच्या बाजारात ती शिरली की माणसं पटापट बाजूला व्हायची (आदरानं नव्हे, ब्रेकच्या भीतीनं!). आण्णा अजूनही वर्षातून दोन-तीनदा शेतातलं काहीबाही तिच्यात टाकून शहरात, गारखेड्याला माझ्या घरी येतात. पोतं उतरवतात, चहा पितात आणि दिवेलागणीच्या आत परत. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगा शिकून पुण्याला नोकरीला लागला, पण आण्णा एका रात्रीसाठी माझ्याकडं राहिले असतील तर शपथ!

"राहा की आण्णा."

"कशापायी?"

"कशापायी म्हणजे? लेक आहे मी तुमची!"

"म्हणूनच. लेकीच्या घरी कारणाबिगर मुक्काम करत नसत्यात."

कारण म्हणजे बाळंतपण, आजारपण नाहीतर लग्नकार्य. माझं बाळंतपण माहेरी झालं, पोरगा लग्नाचं नाव घेत नाही, आणि आण्णांची तब्येत अशी की त्यांच्या भरवशावर दवाखाना टाकला तर डॉक्टर उपाशी मरेल. आई होती तोवर मी तरी गावाकडं जाऊन तिच्याजवळ चार दिवस लोळायचे. आई गेली आणि तेही बंद झालं. गेलं तरी आण्णा ओसरीवर गप्प, मी स्वयंपाकघरात गप्प. मला आण्णा माझ्या घरात हवे होते. सकाळी उठल्यावर त्यांचा खोकला ऐकायचा होता, चहात साखर कमी पडली म्हणून बोलणी खायची होती. एवढीच हौस होती माझी, बाकी काही नाही.

तर ह्या हिवाळ्यात आण्णा तुरीच्या शेंगांचं पोतं घेऊन आले, आणि आमच्या फाटकातच जीप खोकली, थरथरली आणि गप्प झाली.

आण्णांनी बॉनेट उघडलं. "पेट्रोल पंप गेला वाटतं. एखादा मिस्त्री बोलवा, जावईबापू."

आमचे हे नुकतेच बँकेतून रिटायर झालेले. हाताला काम नव्हतं, मोबाइलला भरपूर नेट होतं. ह्यांचे डोळे लकाकले. ह्यांनी दुरुस्त केलेला आमचा मिक्सर अजून झाकणाला हात लावला की झटका देतो!

"मिस्त्री कशाला, मामा? मी आहे ना! सगळं व्हिडिओत असतं आजकाल."

"बरं. पर गाडी टाकून मी जायाचा नाय."

हे मी कणीक मळता मळता ऐकलं आणि जागच्या जागी थांबले. कारण मिळालं होतं! त्या रात्री आण्णा माझ्या घरी जेवले, माझ्या घरी झोपले, आणि सकाळी सहाला असे दणदणीत खोकले, की शेजारच्या जोशीकाकू खिडकीत आल्या. मला तर गाणं ऐकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हे मुकुंदवाडीला जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणे गाडीचा फोटो बघून हसलाच. "साहब, ये तो मेरे अब्बा के जमाने की है! इसको पंप नक्को, आराम होना." तरी कुठूनसा एक पंप त्यानं काढून दिला. ह्यांनी तो चुकून उलटा बसवला, मग सुलटा बसवला, आणि संध्याकाळी सेल मारला तर काय! जीप चालू!

हे अंगणात अक्षरशः नाचले. जोशीकाकूंनी टाळ्या वाजवल्या. आण्णांनी जावयाची पाठ थोपटली आणि म्हणाले, "झालं तर मग. सकाळी न्याहारी करून निघतो."

एका नवऱ्याचं एवढंसं यश एका बायकोला इतकं कधी झोंबलं नसेल. इतकी वर्षं ह्यांना एक नळ धड दुरुस्त करता आला नाही, आणि नेमकं हे जमावं? आत्ताच?

आता ह्या जीपचं एक मर्म मला लहानपणापासून ठाऊक आहे. इंजिनाजवळ एक काळी डबी असते, करंट वाटणारी, तिला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. तिच्या दोन क्लिपा काढल्या की आत अंगठ्याएवढा एक तुकडा असतो, रोटर. पूर्वी बाजारात गाडी लावली की आण्णा तो काढून माझ्या हातावर ठेवायचे. "मुठीत धर. हे नसलं तर गाडी म्हंजी नुसता पत्रा. कुणी चोरणार नाय." मग मी आख्खा बाजार मूठ आवळून फिरायचे. गोडीशेव सुद्धा डाव्या हातानं खायची!

सकाळी आण्णा आंघोळीला गेले, हे पेपर घेऊन बसले. मी तुळशीला पाणी घालायला म्हणून अंगणात गेले, बॉनेट उचललं, क्लिपा काढल्या, रोटर काढला, डबी होती तशी लावली, आणि आत येऊन तो मेथीदाण्याच्या बरणीत तळाशी खुपसला. आमच्या घरात मेथीदाण्याला कुणी हात लावत नाही. हे तर मेथीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात.

न्याहारी झाली. आण्णा जीपमध्ये बसले. सेल मारला. घुर्रर्र, घुर्रर्र... आणि काहीच नाही.

आण्णा उतरून बॉनेटमध्ये वाकले. चांगले बराच वेळ वाकून होते. माझी छाती अशी धडधडत होती, की त्यावर जीप चालली असती. मग ते सरळ झाले, हात पुसले आणि म्हणाले, "जावईबापू, काम मोठं दिसतंय."

झालं! ह्यांना तेवढंच हवं होतं. आधी प्लग बदलले. मग बॅटरी नवी आणली. मग कॉइल आणि वायरी. रोज सकाळी नवा व्हिडिओ, दुपारी मुकुंदवाडी, संध्याकाळी घुर्रर्र. मग कुणा व्हिडिओवाल्यानं सांगितलं की कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजवा.

"अहो, ही कणकेची परात आहे माझी!"

"तात्पुरती घेतली गं!"

"आता कणीक काय तुमच्या टायरवर मळू?"

"आधी बाजूला हो. स्प्रिंग उडाली." (ती स्प्रिंग आमटीत सापडली, तिसऱ्या दिवशी, जोशीकाकूंना. वाटीभर आमटी मीच मोठ्या प्रेमानं देऊन आले होते.)

मग म्हणे, एवढं इंजिन उघडलंच आहे, तर ब्रेक का नको? ब्रेक झाले तसा गिअरबॉक्स दिसला. स्प्रिंगचे पाटे उतरले, चाकं उतरली, जीप विटांवर चढली. दिवाणखान्यात सायलेन्सर आला. देवघराशेजारी रेडिएटर आला. भिशीच्या बायका आल्या तर त्यातली एक त्याला नमस्कार करून बसली! सीट शिवायला गेल्या, पत्र्याला वेल्डिंग झालं, रंग लागला. घासाघासीनं ह्यांची ढेरी उतरली. डॉक्टरांनी इतकी वर्षं सांगून जे जमलं नव्हतं, ते माझ्या एका मेथीच्या बरणीनं केलं.

फक्त त्या काळ्या डबीकडं ह्यांचा हात गेला की आण्णा खुर्चीतून ओरडायचे, "तिला हात लावू नका जावईबापू! टायमिंग जाईल!" मी मनातल्या मनात आण्णांचे पाय धरायचे. बाप वाचवत होता मला, आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता!

दिवस कसे गेले म्हणून सांगू. आण्णा सकाळी मंडईत जायचे, भाव ऐकून संतापायचे आणि तरी पिशवीभर भाजी आणायचे. मी शाळेत शिकवून आले की चहा घेऊन आम्ही दोघं त्या विटांवरच्या जीपमध्ये बसायचो. चाकं नाहीत, हूड नाही. आण्णा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मांडीवर मटारचं ताट.

"तुझी आई कधी पुढं बसली नाय बघ," एकदा ते म्हणाले.

"का हो?"

"लाजायची. म्हणायची, लोकं बघत्यात. सगळा जन्म मागंच बसली. बोलायचं म्हणलं तर मला मान वळवायला लागायची, अन् मान वळवली की वरडायची, म्होरं बघा म्हणून!"

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आण्णा विनाकारण हॉर्नचं बटण दाबत बसले. तार जोडलेली नव्हती म्हणून बरं. आई गेल्यापासून आण्णा तिच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. त्या संध्याकाळी मी ठरवलं, ही जीप मी काही चालू होऊ देत नाही. मग हे विमान का बनवेनात!

आणि एका रविवारी गल्लीत ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर माझा धाकटा भाऊ रामा, हातात साखळदंड.

"आक्का, आण्णांना न्यायला आलोय. गाडी चालू नसली तर बांधून वढीत नेतो."

"अरे, बस तरी. चहा घे."

"चहा नको. ज्वारी काढायला आली. अन् गावात लोक काय म्हणत्यात ठावं हाय का? म्हातारा लेकीकडं ऱ्हायला गेला, पोरगा सांभाळीत नाय वाटतं! तोंड दाखवायची सोय नाय ऱ्हायली मला."

हे बाहेर आले. जीपची चाकं आदल्याच दिवशी बसली होती, सगळी जीप हिरवीगार चमकत होती. हे म्हणाले, "रामभाऊ, सगळं नवं केलंय. तरी चालू होत नाही. मी तर आता हात टेकले."

रामानं बॉनेट उचललं. आण्णा "टायमिंग जाईल" म्हणेपर्यंत त्यानं दोन्ही क्लिपा काढल्या होत्या. आत बघितलं. मग ह्यांच्याकडं बघितलं.

"दाजी, रोटर कुठंय?"

"रोटर म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"रोटर म्हणजे? सव्वा महिना झाला गाडी खोलून, अन् रोटर म्हणजे?"

"व्हिडिओत कुणी असं म्हणालंच नाही की तो नसेल म्हणून!"

मी दारात उभी. आता सांगावंच लागणार म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात आण्णांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि एक रोटर काढून रामाच्या हातावर ठेवला.

"माझ्यापाशी हाय. चोरीच्या भ्यावनं काढून ठिवला व्हता. इसरलो."

"इसरलो?" रामा म्हणाला.

"इसरलो?" हे म्हणाले, आणि टूलबॉक्सवर मटकन बसले.

मी धावत आत गेले, बरणी उपडी केली. माझा रोटर तिथंच होता! मागे पावलं वाजली. आण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"आण्णा, मग तो कुठला?"

"दुसरा खिशात असतोयच. जुनी गाडी बाळगणारा माणूस एक रोटर घिऊन हिंडत नसतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी न्याहारी करून बॉनेटमंदी वाकलो, तवाच. अन् गुडघ्यासाठी मी रोज सकाळी चमचाभर मेथी खातो, ती काय जोशीबाईंच्या घरची?"

मी बरणीतला रोटर मुठीत धरला. "राहा ना आण्णा. कशाला जाता? मला करमत नाही हो तुमच्याशिवाय."

"मला तरी कुठं करमतं, शकू. पर आता गाडी चालू झाली. लोकांला काय कारण सांगू?"

"कारण लागतंच का?"

"तुला नाय लागत. मला लागतं, बाय. माझं वय गेलं आता बदलायचं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसाच बराच वेळ राहू दिला, आणि मग टोपी नीट करत बाहेर गेले.

पहिल्याच सेलला जीप चालू झाली. आवाज असा, की मांजर घुरघुरावं. आण्णा स्टिअरिंगवर, मागे ट्रॅक्टरवर रामा. मी फाटकात उभी राहून हात हलवत होते आणि मनात एकच: वाटेत चित्तेपिंपळगावापर्यंत तरी बंद पडू दे. नाहीतर आडूळला. अगदी एखादं चाक पंक्चर झालं तरी चालेल! फोन येईल, हे धावत जातील, जीप ओढत परत आणतील.

फोन आला, पण दिवेलागणीला आणि पाचोडहून.

"पोचलो गं! हिसका नाय, गचका नाय. नव्या गाडीवाणी आली."

"ब्रेक?" मी आशेनं विचारलं.

"एक नंबर."

"तेल गळतंय का कुठं? काही खडखड? थोडीशी?"

"कायबी नाय! जावईबापूंना म्हणावं, लई भारी काम केलं."

ह्यांनी शेजारून ऐकलं आणि छाती फुगवली. "मी सांगतो तुला, आता पंधरा-वीस वर्षं तरी त्या गाडीकडं बघायला नको!"

बापाला चार दिवस ठेवून घ्यायला म्हणून मी एवढी अक्कल चालवली, आणि नवऱ्याला कामाला लावून त्या जीपचा नट न् नट असा काही नवा करून घेतला, की आता माझ्या दारात बंद पडायची तिची काडीचीही शक्यता उरली नाही!