आंदणाच्या पातेल्याचं ठिगळ

माझे सासरे दुष्ट होते. गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये, असं माझ्या सुना मला सांगतात. पण सुनांपैकी एकीनंही सासऱ्यांच्या हाताखाली काम केलेलं नाही. मी केलंय. त्यांच्या डोंग्याची जवळजवळ सगळी रिबिटं आतून मी धरली होती, त्यामुळे बोलायचा हक्क माझा आहे.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या गावापाशी पैनगंगेवर धरण बांधून झालं आणि ज्या वर्षी माझं लग्न झालं त्याच वर्षी पाणी साठलं. माझं माहेर नदीपलीकडे. मला पाहायला आलेली मंडळी धोतरं वर धरून नदीतून पायी आली होती आणि जेवून उजेडातच परतली होती. पोरगी हाकेच्या अंतरावर पडली म्हणून आई खुशीत होती. पावसाळा संपला तेव्हा मधे नुसतं पाणीच पाणी. माहेरी जायचं तर आधी चालत देऊळघाटला, तिथून मोटारीनं बुलढाण्याला, तिथून दुसरी मोटार आणि पुन्हा पायपीट. बरोबर पुरुषमाणूस हवंच. नवरा लांब दुसऱ्या धरणाच्या कामावर, सणावाराला तोंड दाखवणारा.

आई विधवा होती, माझ्या चुलत्याच्या घरी राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. लग्नात तिनं मला पाहिलं तेही धुरकटच. तिला इकडे आणावं, तर लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला मूल झालेलं नव्हतं. म्हणजे जायचं ते मीच, आणि तिची नजर पुरती जायच्या आत. दुसरं काहीही मला त्या घरात नको होतं.

धरणाचा कॅम्प उठला तेव्हा तिथल्या मोडीतून सासऱ्यांनी एक डोंगा आणला. जर्मलचा डोंगा. अ‍ॅल्युमिनियमला आम्ही जर्मलच म्हणायचो. मोजणीवाले साहेब तो पाण्यात फिरवायचे. खडकावर घासून त्याचा तळ फाटला होता आणि एक बाजू आत चेपली होती. सासरे कॅम्पच्या वर्कशॉपात गॅसच्या जोडकामाला मदतनीस होते. तिथलं कार्बाइडचं पिंप, नळ्या आणि उरलेली टाकीही त्यांनी बैलगाडीत घातली. अंगणात डोंगा उतरवला तेव्हा मी दारात उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "पाह्य वं सूनबाई, तुह्या माहेराची गाडी आणली. हा पाण्यात उतरला का तू पहिल्या फेरीत."

मी भोळी. मी त्यांच्या पाया पडले.

त्या दिवसापासून मोटारीनं जायचा विषयच बंद झाला. मी सासूजवळ विषय काढला की ती म्हणायची, "एवढा डोंगा करून राह्यले ते कोणासाठी?" आणि घरातली सगळी हसायची.

कार्बाइडच्या गॅसला लसणासारखा वास येतो. आमचं अंगण, धुणी, भाकरी, सगळ्याला तो वास. सासऱ्यांनी कॅम्पात लोखंड जोडलं होतं. लोखंड आधी लाल होतं, माणसाला सावध करतं. जर्मल तसं नाही. ते दिसायला तसंच पांढरं राहतं आणि एकाएकी खाली गळून पडतं. भेगेच्या जागी हातभर भोक पडायचं, सासरे शिव्या द्यायचे, आणि पत्रा खालून धरायला उभी केलेली मी असायचे म्हणून त्या शिव्या मला. एकदा वितळलेला थेंब माझ्या मनगटाजवळ पडला. मी किंचाळले. ते पाहून म्हणाले, "रडून काऊन राह्यली? फुकटात गोंदण झालं तुले." दीर पोट धरून हसला. तो डाग अजून आहे. नातवंडं विचारतात तेव्हा मी भाजलं म्हणून सांगते, कारण खरं सांगायला बसले तर त्यांचा पणजोबा त्यांच्या मनातून उतरेल.

गॅस संपला तेव्हा डोंग्याला आणल्या वेळेपेक्षा जास्त भोकं होती. मग सासऱ्यांनी ठरवलं, जोडकाम नको, ठिगळं लावून रिबिटं मारू. ठिगळांना पत्रा कुठला? त्यांनी स्वयंपाकघरात येऊन मांडणीवर नजर फिरवली. खालच्या फळीवर सासूची भांडी, वरच्या फळीवर माझी आंदणाची. जर्मलचीच, आईनं देऊळघाटच्या बाजारातून घेतलेली. त्यांनी हात वर नेला.

"मामाजी, ते मायनं देल्लं हाये," मी म्हटलं.

"मंग? मायकडेच जाऊन राह्यलं ना ते?"

सगळ्यात मोठ्या पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'आईकडून' एवढंच घातलेलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. म्हणून तिनं भांडेवाल्यापुढे बसून अक्षरांखाली ठिपक्यांची एक तुळस काढून घेतली होती, आपलं भांडं आपल्याला ओळखू यावं म्हणून. सासऱ्यांनी पातेलं काठाजवळ कापलं, बूड वेगळं केलं, उरलेला पत्रा उलगडून घणानं सपाट केला. अक्षरं आणि तुळस बाहेरच्या बाजूला आली. डोंग्याच्या नाकाजवळच्या भोकावर ते ठिगळ बरोबर बसलं. सासू म्हणाली, छान दिसते.

रिबिटं कशाची, यावर मात्र पारावर बराच खल झाला. आमच्याकडे नदी ओलांडताना पाण्यात तांब्याचा पैसा टाकतात, नदीला तांबं आवडतं म्हणून. धरणाचं पाणी नवं, त्याचा काय भरवसा, तेव्हा रिबिटं तांब्याचीच पाहिजेत, असं सगळ्या शहाण्यांनी एकमतानं ठरवलं. कॅम्पातली जाड तांब्याची तार सासऱ्यांकडे होतीच. तिचे तुकडे पडले. डोंगा पालथा घातला. मी त्याच्या पोटात शिरून बसायचं, जिथून रिबीट आत येईल तिथं लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा आणि वरून सासऱ्यांनी घण घालायचा. उन्हाळा होता. आत भट्टी. घणाचा दणका ठोकळ्यातून मनगटात आणि तिथून दातात यायचा. ठोकळा जरा हलला आणि रिबीट वाकडं बसलं तर सासरे मुद्दाम माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या पत्र्यावर घण हाणायचे. कानात दिवसभर घंटा. मी धरून बसले. प्रत्येक रिबिटाला मी मनात म्हणायचे, हे बसलं, आता आई एवढी जवळ आली.

पाऊस पडायच्या आधी डोंगा तयार झाला. पलीकडे निरोप गेला की अमुक दिवशी पोरगी डोंग्यातून येतेय, काठावर या.

त्या दिवशी सकाळी मी बाहेरची झाले. मी कुणाला सांगणार नव्हते. पाप लागलं असतं तर मी ते आनंदानं घेतलं असतं. पण डोंग्याची ओटी भरायला सवाष्णी जमल्या आणि सासूनं माझ्याकडे मागून पाहिलं. "दूर हो! नव्या डोंग्याले शिवू नको!" सगळ्या बायांदेखत. जिनं त्या डोंग्याच्या पोटात बसून उन्हाळा काढला तिचा आता त्याला विटाळ. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "काठावर बस, तिथून पाह्य." दीर, दुकानदार आणि त्याची मिठाची पोती घेऊन डोंगा गेला.

तो परत आला तेव्हा दीर खुशीत होता. गोठ्याशी, जिथं मला काठावरून आणून बसवलं होतं, तिथं येऊन लांबूनच सांगायला लागला.

"वहिनी, तुही माय आली होती ना काठावर. दिसत तं काहीच नाही तिले. डोंगा चाचपून राह्यली, तू कुठी बसली म्हणून. चाचपता चाचपता त्या ठिगळापाशी हात थांबला. म्हणे, हे तं माहं पातेलं हाये. म्या म्हटलं हो. म्हणे, कापलं काऊन? म्या म्हटलं, भोक होतं. मंग म्हणे, माही पोरगी कुठी हाये?"

"मंग तुमी काय सांगतलं, भाऊजी?"

"म्या म्हटलं, हे काय समोरच बसली हाये, दिसत नाही का तुले?"

त्याला हसू आवरेना. आंधळ्या बाईची गंमत केली म्हणून एवढं हसणारा माणूस मी नंतरही पाहिला नाही, आणि मी बरीच माणसं पाहिली. मी विचारलं, मग आई काय म्हणाली? तो म्हणाला, काही नाही, डोंग्यात हात फिरवला, रिकाम्या फळीवर, आणि खालीच बसली.

मला त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही. सूनबाई घरात जिवंत असताना तिचं आंदणाचं भांडं कुणी कापत नाही, असं आईला वाटत होतं. तिच्या माहितीत अशी भांडी मोडली जातात ती सून मेल्यावर. पोरगी आली नाही, पातेलं कापलेलं, दीर हसतोय आणि सरळ सांगत नाही. तिनं तिच्यापुरता हिशेब केला आणि घरी जाऊन ऊर बडवून घेतलं.

पुढल्या फेऱ्यांना मी निघाले की पैसे देणारी माणसं आधी बसायची. "फुकटचं माणूस मंग नेऊ," सासरे म्हणायचे. आज बाजार, उद्या पाऊस, परवा सरकी. पलीकडून येणाऱ्यांबरोबर मी निरोप धाडायचे: मी आहे, बरी आहे. ते आईला सांगायचे. आई म्हणायची, मले फसवू नका. आता ती कुणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नव्हती; तिचा फक्त हातावर विश्वास उरला होता, आणि माझं तोंड तिच्या हाताला लागत नव्हतं.

पितृपक्षात माहेरची एक म्हातारी डोंग्यातून उतरली. मला पाहून मागेच सरली. "अवं, तू तं हाये!" म्हणाली. मग तिनं सांगितलं. अविधवा नवमीला, नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं पान वाढतात त्या दिवशी, माझ्या आईनं माझ्यासाठी पान वाढलं होतं. माझ्या आवडीची ताकाची कढी केली होती. चुलती नको म्हणाली तरी ऐकलं नव्हतं.

मी त्याच पावली सासऱ्यांकडे गेले. पाया पडले, या खेपेला खऱ्या गरजेनं. "मामाजी, आज न्या. नुसतं हात लावून येतो."

ते हसले. "जिवंतपणी पान वाढलं? मंग आयुष्य वाढलं तुहं!" आणि मग, खरं कारण सांगायला लागलंच म्हणून, डोंग्याकडे बोट केलं. डोंगा गळत होता. तळाला पाणी, मिठाच्या पोत्यांनी खारट झालेलं, आणि प्रत्येक तांब्याच्या रिबिटाभोवती पत्र्यावर पांढरी भुकटी. बोटानं खरवडली की पत्रा निघायचा. नदीला तांबं आवडत असेल, जर्मलला अजिबात आवडत नव्हतं. सगळ्या शहाण्यांचं एकमत चाळणीसारखं झालं होतं.

मी रस्त्यानं पायी निघाले. दीर देऊळघाटच्या अलीकडे गाठून मला घेऊन आला. कसं आणलं ते लिहीत नाही.

थंडीत एका दुपारी पलीकडच्या काठावर धूर दिसला. मसणवटीची जागा मला ओळखीची होती. तिथं रोज कुणी ना कुणी जळतं, असं सासू म्हणाली. संध्याकाळपर्यंत लांबच्या रस्त्यानं एक माणूस निरोप घेऊन आला तेव्हा ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

निरोप्या गेला. सासऱ्यांनी अंगणात पालथ्या घातलेल्या डोंग्यावर हात मारला. "रडू नको. चाल, आत बस, ठोकळा धर. दोन दिसात डोंगा नीट करू, तेरवीले तुले पोचवतो."

मी आत शिरले. सवय म्हणा. वरून पहिला घण पडला तो नाकाजवळच्या ठिगळावर. रिबिटं जुन्या पत्र्यातून सरळ निसटली आणि ठिगळ माझ्या मांडीवर पडलं, अक्षरं वर. तुळशीचे ठिपके मी बोटांनी चाचपले. डोंग्याच्या पोटात उजेड आला.

"ते दे इकडे," वरून सासरे म्हणाले. "चांगला पत्रा हाये, कामाले येते."

मी ते पदराखाली धरून बाहेर आले. ठोकळा त्यांच्या पायाशी टाकला, पायावर नाही, तेवढं चुकलं.

"माहं पान वाढून झालं, मामाजी," मी म्हटलं. "मेलेली सून लोखंड धरत नसते."

त्यांचा घणाचा हात वर गेला तो तसाच राहिला. मी घरात गेले आणि चुलीत लाकूड सारलं, कारण त्या सगळ्यांचं कालवण मेलेल्या सुनेलाच करायचं होतं.